वाटीतला गूळ

आमच्या आळीत भांडं रिकामं परत करायची पद्धत नव्हती. शेजारून वाटीभर काही आलं, की ती वाटी विसळून, पुसून, घरात हाताशी असेल ते तिच्यात घालून मगच परत जायची. लसणाच्या चार कुड्या, मूठभर शेंगा, एखादं लिंबू, कढीलिंबाची काडी. काहीच नसलं तर चिमूटभर साखर. हे मी आज आमच्या सोसायटीतल्या मुलींना सांगते, तेव्हा त्या "सो स्वीट, आजी" म्हणतात आणि माझा डबा घासूनपुसून चकचकीत करून रिकामा परत देतात. आईनं कपाळावर हात मारून घेतलेला मला लख्ख दिसतो.

त्या वेळी आम्ही पिंपरीच्या गावठाणात, नदीकडं उतरत जाणाऱ्या आळीत भाड्यानं राहत होतो. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं ओसरी. मूळचे आम्ही जुन्नरकडचे. अप्पांना खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी लागली आणि खडकीत जागा परवडेना, म्हणून पिंपरी. अप्पा सांगायचे, की त्यांनी आईला तीन घरं दाखवली होती. पहिल्याला नळ जवळ होता, दुसऱ्याच्या परसात पेरूचं झाड होतं आणि या तिसऱ्याला काहीच नव्हतं. फक्त ओसरीत जमिनीत पुरलेलं एक दगडी उखळ. आईनं उखळात हात फिरवून बघितला आणि म्हणाली, हेच घर. झालं. अप्पा पुढं आयुष्यभर लांबच्या नळाचं पाणी भरताना त्या उखळाच्या नावानं बोटं मोडत राहिले. पहाटे सायकलला डबा अडकवून ते खडकीला जायचे आणि संध्याकाळी रिकामा डबा खुळखुळवत परत यायचे. वळणावर तो खुळखुळाट ऐकू आला, की आई चहाचं आधण ठेवायची.

त्या उखळात आई कारळ्यांची चटणी कुटायची. कारळे ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते: तिळाहून जरा लांबट, काळेभोर, चकाकणारे दाणे. मावळातल्या डोंगरउतारांवर पावसाळा सरता सरता त्यांची पिवळी फुलं येतात आणि थंडीत पोती खाली उतरतात. आई ते तव्यावर मूठ मूठ भाजायची. मूठ पडली की आधी काहीच होत नाही, मग एक दाणा उडतो, मग चार, मग तव्यावर नुसती तडतड उठते. आणि ती तडतड ओसरायला लागली, की त्याच क्षणी तवा उतरवायचा. डोळ्यांचा इथं काही उपयोग नाही. दाणा मुळातच काळा, तो करपला तरी कुणाला दिसणार? आई तव्याकडं बघतसुद्धा नसे. मान वाकडी करून कान तव्याकडं लावायची, कुणी गुपित सांगत असल्यासारखी. मग लाल मिरच्या, लसूण, खडेमीठ, आणि वरून मुसळ. धप, धप, धप. त्या आवाजाबरोबर जो वास सुटायचा तो आज लिहितानाही माझ्या तोंडाला पाणी आणतो, आणि डॉक्टरांनी मला तिखट बंद केलंय.

ही चटणी विकायची असं काही आईच्या मनात नव्हतं. पण गावाबाहेर नवा कारखाना उभा राहिला आणि कुठकुठली माणसं येऊन गावात खोल्या घेऊन राहू लागली. आमच्या शेजारच्या खोलीत परभणीचा सोपान म्हणून एक फिटर आला. एकटा माणूस, खानावळीतून भाकरी आणायचा आणि दारात बसून पाण्याच्या घोटाबरोबर खायचा. आईला ते बघवेना. तिनं त्याला कागदाच्या पुडीत चटणी दिली. त्यानं ती कामावर नेली. पुढच्या आठवड्यात आमच्या दारात चार अनोळखी बाप्ये उभे. "मावशी, ती काळी चटणी तुमच्याकडंच मिळते का हो?" आई गडबडून आत गेली आणि मी, अठरा वर्षांची, मॅट्रिक पास आणि घरात बसून कंटाळलेली, पदर खोचून पुढं झाले. "मिळते," मी म्हटलं. "रविवारी या." तो आमचा धंद्याचा मुहूर्त. अप्पा संध्याकाळी म्हणाले, "मी दिवसभर काळी दारू भरतो, आणि घरी आलो तर इथंही काळी भुकटीच भरायचं चाललंय." पण ते नुसतं बोलणं. चटणी त्यांनाही लागायचीच.

धंदा वाढायला लागला आणि माझ्या अंगात वारं शिरलं. जुन्या वर्तमानपत्रांच्या पुड्या बांधणं, मिरच्या निवडणं, गिऱ्हाइकांना वार ठरवून देणं, सगळं मी अंगावर घेतलं. फक्त एका गोष्टीवरून आमची रोज जुंपायची. प्रत्येक घाण्यातलं पहिलं माप आई विकायचीच नाही. ते सात वाट्यांत भरून आळीतल्या सात घरी जायचं. वानोळा. शेतातलं पहिलं पीक, चुलीवरचा पहिला जिन्नस आधी शेजारी द्यायचा, हा तिच्या माहेरचा रिवाज. मी म्हणायची, "आई, तो घरापुरता रिवाज. विकायच्या मालाला कसला आलाय वानोळा?"

"विकायच्या मालालाच तर पाहिजे," आई म्हणायची. "गिऱ्हाईक तोंडावर छान म्हणतं आणि दुसऱ्यांदा येत नाही. शेजारीण कुठं जाणार आहे?"

तिच्या बोलण्यातली खोच मला हळूहळू कळली. वानोळ्याला नाव ठेवायचं नाही, असा आळीत दंडक होता. कुणी कधी म्हणायचं नाही, की मीठ कमी पडलंय. पण वाटी बोलायची. परत आलेल्या वाटीत खडेमीठ असलं, तर चटणी अळणी. लिंबू आलं, तर जरा आंबट हवं होतं. सुकी मिरची आली, की तिखट वाढव. आणि लसूण आला, तर झकास, अजून कर. आई सातही वाट्या ओळीनं मांडून बघायची आणि मगच बाकीच्या घाण्यांना हात घालायची. सहा घरं जुन्या आळीतली होती. सातवी होती जमनाबाई. ती फाळणीत सिंधमधून आलेली, आधी पिंपरीच्या कॅम्पात आणि मग आमच्या आळीत राहायला आली. तिच्याकडून वाटीत काय यावं याचा नेम ठरलेला होता: भाजलेला मिरी-पापड. चटणी कशीही असो, पापडच. बिचारीला आपली ही भाषा समजत नाही, असं मी धरून चालले होते.

अशात एके दिवशी सोपान धावत आला. त्याच्या कारखान्याच्या कँटीनचे साहेब मला आणि आईला भेटायला बोलवत होते. साहेब मद्रासी, म्हणजे आम्ही तिकडच्या सगळ्यांनाच मद्रासी म्हणायचो. त्यांच्या लक्षात आलं होतं, की कामगार कँटीनचं लोणचं पानातच टाकतात आणि खिशातून पुड्या काढतात. त्यांनी एक पुडी मागवून घेतली होती. "हमारे घर में भी ऐसा पोडी बनता है," ते म्हणाले, "माँ बनाती थी." पोडी म्हणजे त्यांच्याकडची अशीच कोरडी चटणी. आणि मग एकदम साहेबी आवाज काढून त्यांनी सांगितलं, की शनिवारी सकाळच्या भोंग्याला एक मण चटणी पोचली पाहिजे. कामगारांना आवडली तर दर महिन्याला घेऊ. एक मण, म्हणजे चाळीस शेर! आम्ही तोवर शेराच्या पुढं गेलो नव्हतो. येताना मी रस्त्यानं चालत नव्हतेच, उड्या मारत होते. आई म्हणाली, "नीट चाल, लोक बघतायत." पण तीही हसत होती.

घरी अप्पांच्या हातात वेगळाच कागद होता. चाकणहून माझ्यासाठी स्थळ आलं होतं. कांद्याची शेती, मोठं घर, मुलगा निर्व्यसनी. मी त्यांच्यापुढं बसले. माझ्या चेहऱ्यावर सगळं उमटलं असणार. अप्पा बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि मग म्हणाले, "हे बघ इंदू. ही ऑर्डर जमली तर वर्षभर मी स्थळाचं नाव काढणार नाही. नाही जमली, तर चाकणकरांना होकार कळवतो, आणि तुमचं हे उखळ-मुसळ पुन्हा घरापुरतं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. अप्पा शब्दाचे पक्के होते. त्याचीच भीती होती.

आणि सोमवारी सकाळी निरोप आला, की चाकणच्या मावशीचे दिवस भरलेत, ताबडतोब ये. आईनं लुगड्यांचं बोचकं बांधलं, कारळ्यांची पोती मला दाखवली आणि एसटीत चढता चढता सांगितलं, "तव्यावर भाज. मूठ मूठ. आणि वानोळा आधी." मी मान डोलावली. बस वळणाआड गेली आणि मी सरळ गावातल्या आचाऱ्याकडं गेले. त्याच्याकडं लग्नाच्या स्वयंपाकाची लोखंडी कढई होती, माणूस आत बसेल एवढी. मूठ मूठ भाजत बसले तर मण कधी व्हायचा? मॅट्रिकला गणितात मला चांगले मार्क होते. आईचा तवा किती वेळा उतरवावा लागेल याचा हिशेब मी मनात केला आणि मला हसूच आलं.

अंगणात तीन दगड मांडून बाभळीची लाकडं पेटवली, कढई चढवली आणि पायलीच्या पायली कारळे ओतले. उलथनं कसलं, मी फावड्याच्या दांड्यानं हलवत होते. एका पायलीची तडतड निराळी आणि चार पायल्यांची निराळी; ती ओसरते कधी हे कळायचं काही साधनच नव्हतं. खाली धडधड जाळ आणि वर अजून गार दाणे. पण मला काही खटकलं नाही. आळीतल्या दोन मैत्रिणी कुटायला आल्या होत्या, आम्ही गाणी म्हणत होतो, धूर डोळ्यांत जात होता आणि मला वाटत होतं, की आईनं इतकी वर्षं उगीचच वेळ घालवला. चटणी चाखली नाही असं नाही. चाखली, पण दिवसभर चाखून चाखून जीभ अशी बधिर झाली होती, की कोळसा दिला असता तरी मी छान म्हटलं असतं. मंगळवारी संध्याकाळी पहिला घाणा झाला आणि मी शहाण्या मुलीसारखा सात घरी वानोळा पोचवला.

बुधवारी सकाळी वाट्या परत आल्या. पहिल्या वाटीत गुळाचा खडा. दुसरीत गुळाचा खडा. तिसरीत, चौथीत, सगळ्यांत गूळ! माझा आनंद गगनात मावेना. एवढी मोठी ऑर्डर मिळाली म्हणून सगळ्या आळीनं आमचं तोंड गोड केलं होतं! माझे डोळे भरून आले, खरंच सांगते. आणि जमनाबाईच्या वाटीतसुद्धा पापड नव्हता, गूळ होता. मी मैत्रिणींना म्हटलं, "बघा, जमनाबाईपण आपल्या रीती शिकली." आम्ही तिघींनी तो गूळ शेंगदाण्यांबरोबर खाल्ला आणि दुप्पट जोरानं कामाला लागलो. मी जाळ अजून वाढवला. गुरुवारी सकाळपर्यंत उरलेले सगळे कारळे भाजून, कुटून, सगळी चटणी डब्यांत भरून तयार. मण भरला, वर थोडा उरलाच. मी ओसरीत डबे एकावर एक रचून त्यांच्याशेजारी बसले आणि आईची वाट बघू लागले.

आई दुपारी आली. मावशीला मुलगा झाला होता. पण ते सांगायच्या आधीच ती दारात थबकली आणि तिनं नाकानं हवा ओढली. अंगणातल्या कढईकडं बघितलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "वानोळा दिलास?"

"मंगळवारीच!"

"वाट्यांतनं काय आलं?"

"गूळ!" मी अभिमानानं सांगितलं. "सगळ्यांकडनं गूळ, आई! जमनाबाईकडनंसुद्धा!"

आई बोचक्यासकट ओसरीवर खाली बसली. मग डबा उघडून तिनं चिमूटभर चटणी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं इंदे, कडू जहर झालंय. करपलंय सगळं. कडूवर माणूस काय घालतं? गूळ. सात घरांनी ओरडून सांगितलं तुला."

मला आधी ऐकूच आलं नाही असं वाटलं. मग एकेक वाटी डोळ्यांपुढं यायला लागली. आईच्या हातून कधी चटणी करपलीच नव्हती, म्हणून वाटीत कधी गूळ आला नव्हता. आणि मला वाटलं, गूळ म्हणजे अभिनंदन. त्या बायका मला थांब म्हणत होत्या आणि मी त्यांचा निरोप शेंगदाण्यांबरोबर खाऊन टाकला होता. आज हे सांगताना मी पोट धरून हसते. त्या दिवशी मात्र मला चाकणचं ते मोठं घर दिसायला लागलं, कांद्यांच्या ढिगासकट. मी म्हटलं, "आई, यातच गूळ कालवू. कारखान्यातल्या माणसांना काय कळतंय? भुकेली असतात ती."

"सोपान भुकेला होता म्हणून मी त्याला चटणी दिली," आई म्हणाली. "भुकेला होता म्हणून करपलेली दिली नाही." मग ती उठली, फडताळातून वाट्या काढल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. "जा. सात घरी जा."

"यात काय घालू?"

"काही नाही. रिकाम्याच ने. आपली चूक आहे, आपण मागायला जायचं."

रिकामी वाटी घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहणं म्हणजे काय, हे मला त्या दुपारी कळलं. पहिलं दार गंगूमावशीचं. गंगूमावशी म्हणजे आळीतल्या जुन्या शेतकरी घरातली थोरली बाई, तोंडानं फटकळ आणि सगळ्यांना धाक असलेली. मी मान खाली घालून वाटी पुढं केली आणि रडत रडत सगळं सांगितलं. मी गुळाचा काय अर्थ लावला तेही सांगितलं. गंगूमावशी आधी माझ्याकडं बघतच राहिली आणि मग जी हसत सुटली, की तिला जोत्यावर बसावं लागलं.

"आगं येडे! येका घरनं गूळ आला तर म्हनावं कवतिक हाय. सात घरांनी येकाच दिसी गूळ धाडला, म्हंजी काय बारसं हुतं व्हय तुजं? आन् आमी हितं बोलतुया, ही पोरगी आयकंना कशी, कडई काय उतरंना!"

"मावशी, कारळे संपले," मी म्हटलं. "आता परवाच्या भोंग्याला..."

"रडू नगंस. वाटीत काय मावनार हाय? जा, तुज्या आईला म्हनावं, माज्या म्हायेरचं पोतं हाय, देहूच्या पल्याडच्या डोंगरावरचं. घान्यावर न्यायचं काडून ठिवलंय. तेल फुडच्या साली खाऊ." असं म्हणून ती स्वतःच उठली आणि माझ्याआधी पुढच्या दारात जाऊन उभी राहिली. तिनं माझी गोष्ट त्या घरी सांगितली. मग त्या दोघींनी मिळून तिसऱ्या घरी. सातव्या घरापर्यंत सगळी आळी हसत होती आणि माझ्या मागं सुपं, पायल्या, पिशव्या घेऊन बायकांची रांग लागली होती. जमनाबाईनं दारातच माझा कान धरला. "तू इतना पढ़ी, और समझी नहीं? मैंने कभी गुड़ दिया क्या? हमेशा पापड़ देती हूँ! गुड़ तो मैं गंगू से माँग के लाई, खास तेरे लिए!" तिच्या घरी कारळे नव्हते. ती तडक कॅम्पात गेली आणि संध्याकाळी चार बायका आणि पाटीभर सोललेला लसूण घेऊन आली.

शुक्रवारसारखा दिवस मी पुन्हा पाहिला नाही. आईनं कढई आचाऱ्याकडं परत पाठवली आणि सांगितलं, की ज्या त्या घरी, ज्याच्या त्याच्या चुलीवर, ज्याच्या त्याच्या तव्यावर, मूठ मूठ भाजायचं. सात घरांतून तडतड सुरू झाली. आई एका दारातून दुसऱ्या दारात फिरत होती, मान वाकडी, कान पुढं. "उतरव!" ती उंबऱ्यातूनच ओरडायची, आणि तवा उतरायचा. "अजून दोन दाणे... हां, आता!" भाजलेले कारळे परातींतून निवत पडले आणि मग मुसळं सुरू झाली. काही उखळं दगडी, काही लाकडी, जमनाबाईचा लोखंडी खलबत्ता. आधी ज्याचं त्याचं वेगळं चालू होतं. पण दुपार झाली आणि कशी कुणास ठाऊक, सगळ्यांची लय एक झाली. धप! धप! आख्खी आळी एका ठेक्यावर हलत होती. नदीवर कपडे धुणाऱ्या बायका वर बघायला आल्या. मी उखळावर होते. हातांना फोड आले होते आणि मला इतका आनंद झाला होता, की तो कुठं ठेवावा कळत नव्हतं. पहिला घाणा झाला आणि आईनं सात वाट्या भरल्या. गंगूमावशी म्हणाली, "आता कशापायी? आमीच तर कुटतुया." आई म्हणाली, "रीत आहे." सगळ्यांनी हात पुसून चाखलं. जरा वेळानं सात वाट्या परत आल्या. मी एकेक वाटी बघितली. लसूण. लसूण. लसूण. सहा वाट्यांत लसूण आणि सातवीत पापड.

शनिवारी आम्ही डबे बैलगाडीत घालून निघालो आणि फाटकाशी पोचलो, तेव्हाच भोंगा झाला. साहेबांनी आमच्यासमोर एक डबा उघडला, चिमूट तोंडात टाकली. "बहुत अच्छा है," ते म्हणाले. "नमक थोड़ा कम." आईला हिंदी येत नव्हती. तिनं मला विचारलं, काय म्हणतायत? मी चाचरत सांगितलं, की मीठ जरा कमी आहे म्हणतायत. आणि आईच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, जसं मी फार क्वचित बघितलं होतं. "खरं बोलतो माणूस," ती म्हणाली. "याच्याशी आपलं जमेल." खरंच जमलं. दर महिन्याला एक मण ठरला, आणि आईनं त्याच दिवशी ठरवून टाकलं, की यापुढं ही चटणी एका घरची नाही. आमची धरून आठ चुलींवर भाजायची, कमाई आठ घरांत वाटून घ्यायची. आज चाकणला आमची शेड आहे, तिथं चाळीसेक बायका काम करतात, गॅसवर, पण तव्यावरच. पहिलं माप अजूनही आजूबाजूच्या घरी जातं. मध्ये एक सूटबूटवाला मुलगा येऊन मला समजावून गेला, की याला काहीतरी मोठं इंग्रजी नाव आहे. मी म्हटलं, असेल बाबा.

ऑर्डर जमली हे अप्पांना त्याच संध्याकाळी सांगितलं. ते "बरं झालं" म्हणाले आणि चहा पिऊ लागले. वर्षाचा शब्द त्यांनी दिला होता, पण चाकणचा कागद खुंटीवरच्या कोटाच्या खिशातून हलला नव्हता. मी रोज येता-जाता त्या खिशाकडं बघायची. विचारायचं धाडस होईना. घरात कोपऱ्यात मोठ्या रांजणात ती करपलेली मणभर चटणी होती. आई अन्न टाकायची नाही. ती आम्हीच खायचो, गूळ लावून लावून. अप्पांच्या डब्यातही तीच जायची, आणि अप्पा हूं की चूं करत नव्हते.

मग एका संध्याकाळी वळणावर सायकल आली आणि डबा नेहमीसारखा खुळखुळला नाही. काहीतरी जड आत गडगडत होतं. आई आधण ठेवता ठेवता थांबली. अप्पांनी डबा माझ्या हातात दिला आणि पाय धुवायला मोरीवर गेले. मी डबा उघडला. चटणीच्या वाटीत, नीट कागदात गुंडाळलेला, लिंबाएवढा गुळाचा खडा होता. कागद उलगडला, तर ते चाकणचं पत्र.

"आई!" मी ओरडले. "अप्पांनी गूळ दिला!"

अप्पा मोरीतूनच म्हणाले, "चटणी करपलीय, दुसरं काय सांगू? एवढी मणभर करपलेली घरात असताना पोरगी कुणाच्या घरी द्यायची? काय म्हणतील लोक, हेच शिकवलंत का? आधी तो रांजण संपू दे. मग बघू."

आई माझ्याकडं बघायला लागली आणि मी आईकडं. त्या दिवसापासून ती चटणी आम्ही दोघींनी फार जपून वाढली.